माहितीच्या फाइलीलाही ‘फेरफार’ हवा

मे महिन्यातले अकोले आता थंड झाले आहे, असे कुणी सांगितले तर अकोलेकर त्याला आधी पाणी पाजतील आणि मग सावलीत बसवतील. मला मात्र हे माझ्याच संगणकाने सांगितले. अकोल्याच्या मे महिन्यातील तापमानाचा १९५१ पासूनचा आलेख काढत होतो. रेघ कित्येक दशके बेचाळीस अंशांच्या आसपास थोडी वर, थोडी खाली अशी चालली होती. शेवटच्या काही वर्षांत ती एकदम सहा-सात अंशांनी घसरली. ज्या शहरात मे २०२४ मध्ये उन्हाच्या तडाख्यामुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले, त्या शहराच्या माथ्यावर माझ्या आलेखाने गार वाऱ्याची झुळूक सोडली होती.

चूक शोधायला दोन दिवस लागले आणि ती माझीच निघाली. जुन्या वर्षांची माहिती भारतीय हवामान खात्याच्या फाइलींतली होती. त्यात रोजचे कमाल तापमान होते. शेवटच्या वर्षांची माहिती युरोपीय हवामान केंद्राच्या ‘ईआरए-५’ या संचातून घेतली होती. त्यावरून काढलेले आकडे रोजच्या सरासरी तापमानाचे होते. दोन्ही फाइलींत तापमानाच्या रकान्याला वेगवेगळी नावे होती, त्यामुळे माझा प्रोग्राम अडत होता. मी एका ओळीची आज्ञा देऊन दोन्हीकडे ‘टेम्प’ असे एकच नाव करून टाकले. प्रोग्राम खूश झाला. कमाल आणि सरासरी हे दोन वेगळे सदस्य एकाच आडनावाने एका रांगेत उभे राहिले आणि आलेख खोटे बोलू लागला.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, चूक सहा-सात अंशांची होती म्हणून डोळ्यांत भरली. ती अर्ध्या अंशाची असती तर? मग तो आलेख एखाद्या अहवालात गेला असता, अहवाल बैठकीत, आणि बैठकीतून निर्णय बाहेर आला असता. विज्ञानातल्या माहितीची नावे बदलणे हे आज रोजचे, क्षुल्लक वाटणारे काम आहे. त्या कामाला शिस्त नाही आणि तिची किंमत वऱ्हाडासारख्या भागाला मोजावी लागू शकते, एवढेच आज मांडायचे आहे.

फाइलीच्या पोटात काय असते?

हवामानाची माहिती साध्या तक्त्यात मावत नाही. प्रत्येक दिवशी, प्रत्येक ठिकाणी, पाऊस किती, तापमान किती, असे हे लांब-रुंद-खोल गाठोडे असते. ते बांधण्यासाठी जगभर ‘नेटसीडीएफ’ नावाचा फाइल-प्रकार वापरला जातो. अमेरिकेतील बोल्डर येथील ‘युनिडेटा’ या संस्थेने तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस तयार केला. त्याची खुबी अशी की, फाइल आपली ओळख स्वतःबरोबर घेऊन फिरते. आत नुसते आकडे नसतात. प्रत्येक राशीला नाव असते, एकक असते, अक्षांश-रेखांश आणि वेळ यांचे माप असते, आणि फाइल कुणी, कशी बनवली याची टिपणेही असतात.

आपल्या हवामान खात्याकडे अशी मोठी संपत्ती आहे. पुण्यातून दिली जाणारी पावसाची जाळीदार माहिती १९०१ पासून रोजची आहे. देशभरातील ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून ती तयार झाली. पाव अंश अक्षांश आणि पाव अंश रेखांश असा प्रत्येक चौकोन, म्हणजे साधारण २७ किलोमीटर बाजूचा. अकोला शहर २०.७५ उत्तर, ७७ पूर्व या बिंदूच्या जवळ येते, अमरावती २१ उत्तर, ७७.७५ पूर्व या बिंदूजवळ. दोघांच्या मध्ये जेमतेम तीन चौकोनांचे अंतर. मूर्तिजापूर, बडनेरा, मधली काळी जमीन, कपाशी आणि तूर हे सारे त्या तीन चौकोनांत बसते. कमाल तापमानाची जाळी १९५१ पासूनची आहे, पण तिचे चौकोन एक अंशाचे, म्हणजे बरेच मोठे आहेत.

इथवर ठीक. अडचण नावांपासून सुरू होते. हवामान खात्याच्या पावसाच्या फाइलीत राशीचे नाव ठळक मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘रेनफॉल’ असे असते. ईआरए-५ मध्ये पावसाला ‘टीपी’ म्हणतात. जगभरच्या हवामान-प्रारूपांमध्ये त्याचे नाव ‘पीआर’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पृथ्वी-प्रारूपही त्या जागतिक प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत होते, त्याची माहितीही याच नावाने निघते. पाऊस एकच, नावे तीन. संगणकाला ‘हे तिन्ही म्हणजे पाऊसच ना’ असे कळत नाही. त्याच्यासाठी मोठी लिपी आणि लहान लिपी यांतला फरकही दोन वेगळी माणसे असल्याइतका मोठा असतो.

एका ओळीची आज्ञा

म्हणून नाव बदलायचे साधन लागते. या क्षेत्रात वापरले जाणारे असे एक साधन म्हणजे ‘एनसीरिनेम’. ‘एनसीओ’ नावाच्या मोफत साधनसंचातले ते एक हत्यार आहे. हवामानशास्त्रज्ञ चार्ली झेंडर यांनी १९९५च्या सुमारास या संचाचे काम सुरू केले, पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत प्राध्यापक झाले. या हत्याराला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत, रंगीत चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: आधी साधनाचे नाव, मग कशाचे नाव बदलायचे ते सांगणारे एक अक्षर, मग जुने नाव, स्वल्पविराम, नवे नाव आणि शेवटी फाइल. एंटर दाबले की काम झाले. राशीचे नाव बदलायचे असेल तर एक अक्षर, मापाच्या अक्षाचे नाव बदलायचे असेल तर दुसरे, टिपणाचे बदलायचे असेल तर तिसरे.

असे रूक्ष साधन कशाला, असे वाटेल. उत्तर सोपे आहे. १९०१ पासून आजपर्यंत दर वर्षाची एक फाइल धरली तर सव्वाशे फायली होतात. माऊसने एकेक उघडून नाव बदलत बसले तर दिवस जाईल आणि चाळिसाव्या फाइलीत हात चुकेल. आज्ञेची ओळ सव्वाशे वेळा तशीच चालते, थकत नाही आणि दुसऱ्याला दाखवता येते. ‘मी हे असे केले’ हे सांगण्याचा तो सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, कारण ओळ कागदावर उतरवून ठेवता येते. माऊसच्या टिचकीचा पुरावा मागे राहत नाही.

या साधनात आणखी दोन चांगल्या सोयी आहेत. एक म्हणजे ते आकड्यांना हात लावत नाही, फक्त पाटी बदलते. दुसरी जास्त महत्त्वाची. कोणती आज्ञा, कोणत्या तारखेला दिली, हे ते आपण न सांगता फाइलीच्या ‘हिस्टरी’ या टिपणात लिहून ठेवते. मागाहून कुणीही फाइल उघडावी आणि वाचावे की अमुक दिवशी ‘रेनफॉल’चे ‘टीपी’ झाले.

पण धोकेही तिथेच आहेत. नव्या फाइलीचे नाव दिले नाही, तर हे साधन मूळ फाइलीतच बदल करते. मूळ प्रत वेगळी ठेवली नसेल तर मागे फिरायला वाट फक्त त्या टिपणाची. आणि ती नोंद नको असेल तर एक अक्षर जोडून बंदही करता येते. शिवाय साधनाच्या माहितीपुस्तिकेतच एक स्पष्ट इशारा आहे. नेटसीडीएफच्या चौथ्या पिढीच्या फायलींमध्ये अक्षांश, रेखांश, वेळ अशा मापांची नावे बदलताना मूळ ग्रंथालयातील जुन्या दोषामुळे काही वेळा काम बिघडते. त्यावर तोडगाही तिथेच दिलेला आहे: फाइल आधी जुन्या, तिसऱ्या पिढीच्या प्रकारात न्यायची, नाव बदलायचे, मग परत आणायची. ज्याने पुस्तिका वाचली त्याला हे ठाऊक असते. ज्याला मित्राने मोबाइलवर आज्ञेची ओळ पाठवली, त्याला ठाऊक नसते. तो नाव बदलून मोकळा होतो आणि अक्षांशांच्या जागी भलतेच आकडे बसले आहेत की काय, हे उघडून पाहत नाही.

पाटी बदलली, माल तोच

नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही, हे आपल्याला किराणा दुकानात कळते, पण फाइलीसमोर आपण ते विसरतो. हवामान खात्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये असतो. ईआरए-५ चा मीटरमध्ये. ‘पीआर’चे एकक तर दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर किती किलोग्रॅम पाणी, असे असते. त्याला ८६,४०० ने, म्हणजे दिवसातील सेकंदांनी, गुणावे तेव्हा रोजचे मिलिमीटर मिळतात. तापमान कुठे सेल्सिअसमध्ये, कुठे केल्विनमध्ये. नुसते नाव ‘रेनफॉल’ करून या आकड्यांचे मिलिमीटर होत नाहीत.

दिवसाचेही तसेच आहे. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. आदल्या दिवशी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो. ईआरए-५ ची घड्याळे जागतिक वेळेवर चालतात आणि तो दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. त्यामुळे २१ जुलैच्या रात्री दहा वाजता अकोल्यात कोसळलेली सर हवामान खात्याच्या फाइलीत २२ तारखेला आणि दुसऱ्या फाइलीत २१ तारखेला सापडते. दोन्हीकडे रकान्याचे नाव ‘टाइम’ केले म्हणून ती सर एका तारखेला येत नाही. त्यात २०२४ मध्ये युरोपीय केंद्राच्या नव्या सेवेने ‘टाइम’चे नाव बदलून ‘व्हॅलिड टाइम’ केले. जगभरचे प्रोग्राम अडले आणि जगभर लोकांनी घाईघाईने नाव पुन्हा ‘टाइम’ करून घेतले. त्यांतल्या किती जणांनी या निमित्ताने आपली तारीख तपासली असेल?

एका दिवसाचा फरक म्हणजे काय, हे शेतकऱ्याला विचारा. आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते आणि त्यावर पंचनाम्याची, मदतीची गाडी हलते. सर दोन दिवसांच्या सीमेवर पडली आणि तिचे चाळीस मिलिमीटर एका तारखेत, तीस दुसऱ्या तारखेत गेले, तर एकूण सत्तर मिलिमीटर पडूनही कागदावर अतिवृष्टी होत नाही. ‘अतिवृष्टी’ हे नावही एकाच अर्थाने वापरले जात नाही. हवामान खात्याच्या पायऱ्यांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस सुरू होतो, आणि सर्वांत वरची अतितीव्र पावसाची पायरी २०४.४ च्या पुढे. बातमीत मात्र दोन्हींसाठी ‘अतिवृष्टी’ हाच शब्द पडतो.

आणि मग ‘माहिती नाही’ दाखवणारे आकडे. जिथे नोंद नाही तिथे हवामान खात्याच्या पावसाच्या जाळीत उणे ९९९ भरलेले असते आणि तापमानाच्या जाळीत ९९.९. फाइलीला याची ओळख असते: हा आकडा म्हणजे रिकामी जागा. पण राशीला नवे नाव देऊन ती दुसऱ्या फाइलीत उचलताना ही ओळख मागे राहिली, तर संगणक ९९.९ ला खरे तापमान समजून सरासरीत घेतो. अकोल्याचे ऊन कितीही रणरणते असो, तिथे अजून पाणी उकळत नाही.

हे आरोग्याचे प्रकरण आहे

हे सारे तांत्रिक वाटत असेल तर दवाखान्याकडे वळू. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त झाले, किंवा थेट ४५ अंशांवर पोचले, की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. सरासरीपेक्षा साडेसहा अंशांच्या आसपास किंवा थेट ४७ अंश असेल तर तीव्र लाट. यातला ‘सरासरी’ हा शब्दही नाव तेच ठेवून आत बदलत जातो. तीस वर्षांची सरासरी दर दहा वर्षांनी पुढे सरकते. १९८१ ते २०१० ची जागा १९९१ ते २०२० ने घेतली. पावसाच्या बाबतीत देशाची मोसमी सरासरी २०२२ मध्ये सुमारे ८८ सेंटिमीटरवरून ८७ वर आली. रकान्याचे नाव ‘नॉर्मल’ असेच राहिले. कोणती ‘नॉर्मल’ हे सोबत लिहिले नसेल, तर त्याच दिवशी त्याच गावात लाट आहे की नाही यावर दोन माणसे प्रामाणिकपणे भांडू शकतात.

उन्हाचा माणसांवर काय परिणाम होतो हे कळायला दोन फायली एकमेकींना जोडाव्या लागतात. एक तापमानाची, दुसरी मृत्यूंची किंवा रुग्णांची. अहमदाबादने हेच केले. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाल्याचे अशा जोडणीतूनच पुढे आले. त्यातूनच २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा उभा राहिला. तापमान किती झाले की दवंडी पिटायची, किती झाले की रुग्णालयात खाटा राखून ठेवायच्या, हे त्यात ठरले. वऱ्हाडात उन्हात राबणारे हमाल, वीटभट्टीवरचे मजूर, मेच्या शेवटी पऱ्हाटीसाठी रान तयार करणारे शेतमजूर यांच्यासाठी अशी जोडणी फार मोलाची आहे. पण ती तारीख आणि ठिकाण या दोन नावांवर होते. तीच डळमळीत असतील तर वरची इमारत कशी टिकणार?

एका नावाची तीन अकोली

ठिकाणांची नावे घ्या. इंग्रजी राजवटीत वऱ्हाडात सहा जिल्हे होते. १९०५ मध्ये त्यांचे चार झाले. तेव्हाचा वाशिम जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात आला, पुसद यवतमाळकडे गेले. एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर, अमरावतीत विरघळले. पुढे १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. आता १९०१ पासूनची जिल्हावार माहिती उघडा. ‘अकोला’ या एकाच नावाखाली तीन वेगळे प्रदेश आहेत: १९०५ पूर्वीचे, १९०५ ते १९९८ मधले आणि १९९८ नंतरचे. १९९८ नंतर अकोल्याचे क्षेत्र, कापूस, रुग्ण, जन्म, सारे एकदम घटलेले दिसेल आणि कुणी हुशार विश्लेषक त्याची कारणे शोधू लागेल. कारण एकच, नाव राहिले आणि जिल्हा बदलला.

उलट प्रकारही आहे. माणसे तीच, नावे वेगळी. जुन्या इंग्रजी कागदांत ‘अमरावती’चे ‘अम्रावटी’च्या थाटाचे स्पेलिंग, ‘यवतमाळ’चे ‘येओटमाल’. ‘बुलडाणा’ आजही दोन स्पेलिंगांत फिरतो. ‘अकोट’ की ‘आकोट’, ‘मूर्तिजापूर’ की ‘मुर्तिजापूर’, यावर प्रत्येक कार्यालयाची आपली श्रद्धा आहे. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार असे दोन तालुके आहेत. रकाना अरुंद म्हणून कुणी नुसते ‘चांदूर’ ठेवले, की एकाचे रुग्ण दुसऱ्याच्या नावावर. आणि गंमत पाहा, खुद्द ‘वऱ्हाड’ या शब्दातला ऱ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक संपूर्ण अक्षर म्हणून, दुसरा साध्या र खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाने शोधले तर एक वऱ्हाड सापडतो, दुसरा हरवतो.

यावर उपाय नवा नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यांना क्रमांक आहेत. अकोला ५०१, वाशिम ५०२, अमरावती ५०३. नाव कसेही लिहा, क्रमांक सोबत ठेवा. गेल्या काही वर्षांत राज्यात जिल्ह्यांची नावे बदलली. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ती बदलावीत की नाही, हा या लेखाचा विषय नाही. विषय इतकाच की, ज्यांच्या माहितीत क्रमांक होता त्यांचे काम थांबले नाही. ज्यांच्याकडे फक्त नाव होते, त्यांच्या तक्त्यांत त्या जिल्ह्यांच्या ओळी रिकाम्या झाल्या.

‘पण एवढे कोण करत बसणार?’

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. विद्यापीठातला विद्यार्थी प्रबंधाच्या तारखेने पिचलेला असतो. तालुका आरोग्य कार्यालयातला कर्मचारी एकाच वेळी पाच संकेतस्थळांवर माहिती भरत असतो. त्यांना आणखी एक वही लिहा म्हणणे सोपे आहे. दुसरा आक्षेपही ऐकू येतो की, जगाने सगळ्यांसाठी एकच नाव ठरवले तर नाव बदलायची गरजच काय? तसा प्रयत्न झालेला आहे. हवामान आणि अंदाजाच्या फायलींसाठी ‘सीएफ’ नावाचे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. त्यात राशीच्या टोपणनावाशिवाय एक प्रमाण नाव आणि एकक लिहायचे असते, म्हणजे टोपणनाव काहीही असले तरी हा हवेच्या तापमानाचा आकडा आहे हे कळते. पण संकेत पाळणे ऐच्छिक आहे आणि जुन्या फायली जुन्याच नावांच्या राहणार आहेत. म्हणून नावे बदलावी लागणारच.

जनुकशास्त्राने या बाबतीत चांगला धडा घालून दिला आहे. मानवी जनुकांच्या एका गटाचे नाव ‘सेप्ट’ आणि दुसऱ्याचे ‘मार्च’ असे होते. तक्त्याच्या प्रोग्राममध्ये ते लिहिले की त्यांची आपोआप एक सप्टेंबर, एक मार्च अशी तारीख होई. कित्येक शोधनिबंधांच्या तक्त्यांत जनुकांऐवजी तारखा छापल्या गेल्या. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने नावेच बदलली, ‘सेप्टिन’ आणि ‘मार्च एफ’. पण जुनी नावे पुसली नाहीत. प्रत्येक जनुकाच्या नोंदीत ‘पूर्वीचे नाव’ म्हणून ती लिहिलेली आहेत. नाव बदलले, वंशावळ राहिली.

सातबाऱ्याकडून शिकावे

हा धडा शिकायला खरे तर परदेशी जाण्याचीही गरज नाही. आपल्या तलाठ्याच्या कार्यालयात तो रोज गिरवला जातो. सातबाऱ्यावरचे नाव असे कुणी येऊन बदलू शकत नाही. वारसाने असो, खरेदीने असो, आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंद पडते, तिला क्रमांक मिळतो, संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीला मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच नव्या नावाशेजारी तो फेरफार क्रमांक लागतो. आजोबांचे नाव कंसात जाते, पण नाहीसे होत नाही. पन्नास वर्षांनी भाऊबंदकी उपटली तर त्याच क्रमांकांची साखळी धरून मागे जाता येते. या व्यवस्थेत दिरंगाई आहे, तक्रारी आहेत, हे कुणाला सांगायला नको. पण तिचे तत्त्व पक्के आहे: नाव बदला, पण का, कधी आणि कुणी बदलले हे सोडू नका.

माहितीच्या फाइलीला एवढेच हवे. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचे. नाव बदलताना एकक, ‘माहिती नाही’चा आकडा आणि दिवस कधी सुरू होतो हे तीन प्रश्न विचारायचे. साधन जी नोंद आपणहून ठेवते ती बंद करायची नाही. बदलानंतर एक ओळखीचा दिवस काढून पाहायचा. मे महिन्यातल्या एखाद्या रणरणत्या दिवशी अकोल्याचा आकडा काय होता हे आपल्याला ठाऊक असते, तो तसाच दिसतो का? माझा आलेख त्या एका कसोटीवर पहिल्या पाच मिनिटांत पकडला गेला असता. यासाठी वही लागत नाही, वेळही फारसा लागत नाही. लागते ती सवय.

ती सवय लावण्याची जागा आपल्याकडे आहे. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत १९८३ पासून संत गाडगेबाबांच्या नावाचे विद्यापीठ आहे. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधात आलेखांबरोबर नावबदलाची यादीही जोडायला सांगणे, हा नियम खर्चाचा नाही. सरकारी कार्यालयांनी पाऊस, पिके, रुग्ण यांची माहिती प्रसिद्ध करताना जिल्हा आणि तालुक्याच्या नावाबरोबर क्रमांक, एकक आणि कोणत्या वर्षीच्या हद्दी धरल्या आहेत हे एका ओळीत लिहावे. वाचकांनीही ‘अकोल्यात वीस वर्षांत अमुक घटले’ असे वाचले की एकच प्रश्न विचारावा: कोणते अकोला?

वऱ्हाडी माणूस जमिनीच्या कागदात एक काना-मात्रा चुकला तरी तहसीलला खेटे घालतो. त्याला ठाऊक असते की, कागदावरचे नाव हलले तर पायाखालची जमीन हलते. आता त्याच्या विम्याचा, मदतीचा आणि उन्हाळ्यातल्या इशाऱ्याचा निर्णय दूर कुठल्या तरी फाइलीतल्या एका नावावर होतो आहे. त्या नावाचाही फेरफार तपासायला मागण्याचा हक्क त्याला आहे.